बोटीचा टायर, घरातलं पिंप आणि खलाशाचा ताप : डास आवरायचे कसे?



जूनपासून मासेमारी बंद होते. बोटी वर ओढल्या जातात, जाळी घरी येतात, इंजिनाचं काम निघतं. त्याच दिवसांत पाऊस लागतो, जागोजागी पाणी साचतं आणि डास वाढतात. मग ऑगस्टमध्ये हंगाम उघडतो, तेव्हा सुरतेत तापाचाही हंगाम भरात आलेला असतो. बर्फ भरला, डिझेल भरलं, रेशन चढवलं आणि नेमका तांडेल थंडीतापानं आडवा, असं आपल्याकडे दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या बोटीवर होतं. एक फेरी चुकली तर डिझेल-बर्फाचा खर्च अंगावर येतो. पण तापाचा माणूस बोटीवर चढवून खोल पाण्यात नेला, तर जिवावर बेततं.

डासांबद्दल माहिती सगळ्यांना थोडीथोडी असते, पण ती अर्धवट असते. "गटारामुळे डास होतात, पालिका धूर मारत नाही" एवढ्यावर आपण थांबतो. म्हणून हा विषय सुरुवातीपासून नीट समजून घेऊ. लांब झालं आहे, पण पूर्ण वाचा आणि घरात मोठ्यानं वाचून दाखवा.

डास एक नाही, तीन प्रकारचे आहेत

पहिला डास मलेरियाचा, त्याला ॲनोफिलीस म्हणतात. शहरात मलेरिया पसरवणारा त्याचा जो प्रकार आहे (स्टीफेन्साय), तो गटारात नाही, स्वच्छ पाण्यात वाढतो. गच्चीवरची टाकी, विहीर, हौद, बांधकामावरचं साठलेलं पाणी ही त्याची घरं. तो संध्याकाळनंतर आणि रात्री चावतो. भिंतीवर बसला की शेपटीकडची बाजू वर उचलून तिरका बसतो, त्यावरून ओळखता येतो.

दुसरा डेंग्यू आणि चिकुनगुनियाचा, एडिस. काळा, अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे. हाही साफ पाण्यातला. पिंप, माठ, कुंडीखालची बशी, फ्रीजमागचा ट्रे, कूलर, टायर, नारळाची करवंटी, प्लास्टिकचा ग्लास, त्याला एवढंसं पाणी पुरतं. तो दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी जास्त. फार लांब उडत नाही, फार तर काहीशे मीटर. म्हणजे तुमच्या घरात डेंग्यूचा डास चावला, तर तो बहुतेक तुमच्या नाहीतर शेजाऱ्याच्याच पिंपात जन्मलेला असतो.

तिसरा क्युलेक्स. रात्री कानाशी गुणगुणतो तो हाच. तुंबलेलं गटार, संडासाची टाकी, घाण पाण्याची डबकी इथे वाढतो. हत्तीपायाचा रोग हा पसरवतो. सुरत आणि दक्षिण गुजरातचा पट्टा या रोगासाठी फार जुना आहे. हत्तीपायाचे जंतू बाहेरच्या रक्तात रात्री येतात, म्हणून आरोग्य खात्याची माणसं रक्त तपासायला रात्री येतात. "ही काय यायची वेळ?" म्हणून त्यांना परत पाठवू नका. रोग तेव्हाच सापडतो.

आता यातून एक गोष्ट लक्षात घ्या. तीनपैकी दोन डास, आणि तेही जास्त जीवघेणे, साफ पाण्यातले आहेत. म्हणून नुसतं गटार साफ झालं म्हणजे मलेरिया-डेंग्यू गेला असं होत नाही. गटार पालिकेचं आहे, पण पिंप आपलं आहे.

सात दिवसांचा हिशोब

चावते ती फक्त मादी. अंडी घालायला तिला रक्त लागतं. ती पाण्यावर किंवा पाण्याच्या कडेला अंडी घालते. अंड्यातून वळवळणारी अळी निघते, ती पाण्यातच खाते आणि वाढते. मग तिचा स्वल्पविरामासारखा वाकडा कोष होतो आणि कोषातून डास उडतो. आपल्याकडच्या उष्ण हवेत या सगळ्याला साधारण ७ ते १० दिवस लागतात.

सगळी युक्ती या आकड्यात आहे. सात दिवसांच्या आत पाणी ओतून टाकलं, तर अळी डास होण्याआधीच मरते. पंधरा दिवसांनी ओतलं तर तोवर एक पिढी उडून गेलेली असते. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस, असं सगळीकडे सांगतात. तो आठवड्याचाच का, महिन्याचा का नाही, त्याचं कारण हे.

दुसरी गोष्ट एडिसच्या अंड्याची. तो पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर आतल्या कडेला अंडी चिकटवतो. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने मरत नाहीत. पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून पिंप नुसतं पालथं करून भागत नाही. आतून काथ्यानं नाहीतर ब्रशनं खरवडून घासायचं आणि मग भरायचं. आपल्या मावश्या-वहिन्या हंडा-कळशी रोज घासतात, त्यात डास होत नाही. दोनशे लिटरचं निळं पिंप मात्र महिनोन्‌महिने घासलं जात नाही, आणि डास तिथे होतात.

अळ्यांचं पाणी गटारात ओतू नका, गटारात त्या जगू शकतात. कोरड्या मातीवर, वाळूवर, उन्हात ओता.

बोट हेच मोठं भांडं

आता आपल्या धंद्याकडे येऊ. डेंग्यूचा एडिस डास मुळात आफ्रिकेतला. तो जगभर पसरला तो जहाजांतून. जुन्या शिडाच्या जहाजांवर पिण्याचं पाणी लाकडी पिंपांत भरून न्यायचे. त्या पिंपांत अळ्या, आणि जहाजावरच माणसं, त्यामुळे डासाला खाणं-राहणं दोन्ही मिळालं. बंदरं आधी, आतला मुलूख नंतर, असा तो पसरत गेला. म्हणजे डास आणि दर्यावर्दी यांचं नातं फार जुनं आहे.

"खारं पाणी लागलेल्या बोटीत कसले डास?" असं बरेच जण म्हणतात. त्यावर श्रीलंकेचं उदाहरण ऐका. तिथे बट्टिकलोआ आणि जाफना या किनाऱ्यांवर संशोधकांनी शोध घेतला, त्याची माहिती २०११ साली प्रसिद्ध झाली. टाकून दिलेल्या होड्या, वापरात नसलेल्या विहिरी आणि किनाऱ्यावर फेकलेले खाण्यापिण्याचे डबे, यांतल्या मचूळ पाण्यात एडिसच्या अळ्या सापडल्या. समुद्राच्या पाण्याच्या निम्म्याहून थोडं कमी खारं पाणीसुद्धा त्यांना चाललं. आपल्या वर ओढलेल्या बोटीत पावसाचं पाणी पडलं की तळातलं खारं पाणी असंच मचूळ होतं.

बंदीच्या दिवसांत बोटी ठेवल्यात तिथे एक चक्कर मारून पाहा. काय काय दिसतं?

बाजूला धक्का लागू नये म्हणून बांधलेले टायर. टायर कसाही ठेवा, आतल्या खोबणीत पाणी राहतंच. ते ओतायला गेलं तरी पूर्ण निघत नाही, आणि रबरामुळे ऊब आणि सावली मिळते. डेंग्यूच्या डासाला याहून चांगलं घर नाही. उपाय सोपा आहे. टायर जसा टांगला असेल त्याच्या सगळ्यात खालच्या जागी दोन-तीन मोठी भोकं पाडा. टायरचं काम तसंच चालतं, पाणी मात्र थांबत नाही. जे टायर वापरात नाहीत ते ताडपत्रीखाली ठेवा किंवा भंगारात द्या.

बोटीचा तळ. फायबरच्या होडीला बूच असेल तर बंदीभर काढून ठेवा आणि होडी थोडी कलती ठेवा, म्हणजे पाणी वाहून जाईल. बूच चाव्यांच्या जुडग्याला बांधून ठेवा, नाहीतर उतरवायच्या दिवशी शोधाशोध होते. मोठ्या बोटीत आठवड्यातून एकदा पंप लावून नाहीतर बादलीनं तळ कोरडा करा.

बर्फाची आणि मासळीची पेटी. झाकण उघडं राहिलं की पावसाचं पाणी भरतं. धुवा, पुसा, झाकण लावा नाहीतर पालथी करा.

क्रेट, बादल्या, डिझेलचे रिकामे कॅन, फुटलेले बोये, थर्माकोलचे तुकडे. पालथे करून एका जागी रचा, वर ताडपत्री टाका. ताडपत्री ढिली टाकली तर तिच्याच खळग्यात पाणी साचतं, म्हणून मधे बांबू देऊन उताराची बांधा.

बोटीवरचं पिण्याच्या पाण्याचं पिंप. हंगामात हे भरलेलं असतं आणि फेरी आठ-दहा दिवसांची असेल, तर हिशोब तुम्हीच करा. बंदरावरून अंडी-अळ्या घेऊन निघालात, तर डास बोटीवरच निघणार. प्रत्येक फेरीआधी पिंप घासून भरायचं आणि झाकण घट्ट लावायचं.

जळकं ऑईल किंवा डिझेल पाण्यावर ओतलं की अळ्या गुदमरून मरतात हे खरं आहे, कारण त्या पाण्यावर येऊन श्वास घेतात. पण तेल खाडीत उतरतं आणि मासळीची पिल्लंही तिथेच असतात. ज्या पाण्यावर आपलं पोट, त्यात तेल सोडू नका. पाणी काढून टाकता येत असेल तिथे तेलाची गरजच नाही.

खाडी, बांध आणि झिंग्याची तळी

जिथे भरती-ओहोटीचं पाणी रोज दोनदा मोकळं येतं-जातं, तिथे डास फारसे होत नाहीत. अळ्यांना थांबलेलं पाणी लागतं, आणि भरतीबरोबर छोटे मासे आत येऊन अळ्या खातात. बांध घातला, भराव टाकला, नाळं बुजलं की आतलं पाणी अडकतं. मग पाऊस पडून ते मचूळ होतं आणि डास वाढतात. म्हणून वस्तीजवळचं नाळं मोकळं ठेवणं हे मासेमारीसाठी आणि डासांसाठीही गरजेचं आहे. प्लास्टिक त्यात टाकू नका.

ओलपाड आणि चोर्यासी बाजूला झिंग्याची तळी आहेत. चालू तळ्यात पाणी हलतं, देखभाल असते. पण सोडून दिलेलं तळं पावसात भरलं की डासांचं मोठं घर होतं. ज्यांची अशी तळी पडून आहेत त्यांनी बांधाला तोंड पाडून भरतीशी जोडावं, किंवा पाणी काढून टाकावं.

तापीत सिंगणपोरच्या कॉजवेच्या वरच्या बाजूला पाणी थांबतं तिथे जलपर्णी माजते. या वनस्पतीच्या मुळांना चिकटून श्वास घेणारी डासाची एक वेगळी जात आहे, मॅन्सोनिया. तिच्या अळ्या वर येत नाहीत, त्यामुळे तेल-औषध तिच्यावर चालत नाही. जलपर्णी काढणं हाच उपाय. नदीत होड्या घालणाऱ्यांना जाळ्यात ती अडकते म्हणून वैताग असतोच, त्यात हे आणखी एक कारण.

मासे सोडायचे का?

हा प्रश्न आपल्या लोकांना आवडतो, कारण उत्तर आपल्याच धंद्यातलं आहे. गप्पी मासा दिवसाला साधारण ८० ते १०० अळ्या खातो. गॅम्बुसिया त्याहून जास्त खातो.

आपल्या गुजरातमध्येच याचं मोठं काम झालं आहे. खेडा जिल्ह्यातल्या नडियाद तालुक्यात १९८३ साली डॉ. व्ही. पी. शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली मलेरिया संशोधन केंद्रानं काही गावांत एक प्रयोग सुरू केला. घराघरात औषध फवारण्याऐवजी डासांची पैदासच बंद करायची, हा विचार. डबकी बुजवली, गळके नळ दुरुस्त केले, पाणथळ जागी झाडं लावली, विहिरी-तळ्यांत गप्पी मासे सोडले, आणि दर आठवड्याला घरोघरी जाऊन भांडी तपासली. काही गावतळ्यांत गप्पीबरोबर खायचे मासेही वाढवले, त्यातून पंचायतीला उत्पन्न झालं. पुढे हे काम जवळजवळ पूर्ण तालुक्यात पसरलं आणि मलेरिया उतरला.

त्याच कामात थर्माकोलच्या बारीक मण्यांचाही वापर झाला. बंद पडलेल्या विहिरीत, खड्ड्यात मण्यांचा थर तरंगत ठेवला की अळीला श्वास घेता येत नाही आणि डासाला अंडी घालता येत नाहीत. पण हे फक्त बंदिस्त जागीच. फुटलेल्या पेट्यांचा चुरा करून उघड्या पाण्यात टाकाल तर तो खाडीत जाईल, तसं अजिबात करू नका.

गोव्यातही मलेरियाच्या डासाविरुद्ध मासे वापरून पाहिले गेले. तिथे बाहेरचा गप्पी न घेता स्थानिक ॲप्लोकायलस मासा वापरला, सोबत बीटीआय हे जिवाणूंपासून केलेलं औषध. हा मासा आपण सगळ्यांनी पाहिलाय. पाण्याच्या अगदी वरच्या थरात फिरतो, डोक्यावर चकचकीत पांढरा ठिपका असतो.

आपण मच्छीमार आहोत, म्हणून एक खबरदारी आपणच घ्यायला हवी. गॅम्बुसिया परदेशी मासा आहे आणि दुसऱ्या माशांची अंडी-पिल्लं खातो. जगातल्या सगळ्यात त्रासदायक शंभर परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. म्हणून गॅम्बुसिया किंवा गप्पी नदीत, खाडीत, मोठ्या तळ्यात सोडू नका. हौद, बंद विहीर, कारंजं, बांधकामाची टाकी अशा बंदिस्त पाण्यात ठीक. पिण्याच्या पिंपात मासा नको, तिथे घासणं आणि झाकण हेच औषध.

धूर, कॉइल, मच्छरदाणी

धुराची गाडी आली की वस्तीला बरं वाटतं. पण धूर फक्त त्या वेळी उडत असलेल्या डासाला मारतो. पाण्यातल्या अळीला काही होत नाही. दोन दिवसांनी नवे डास तयार. साथ पेटली असेल तेव्हा धुराचा उपयोग आहे, पण रोजचा उपाय तो नाही.

कॉइल बोटीच्या केबिनमध्ये लावू नका. बंद जागेत तो धूर छातीत जातो, आणि बाजूला डिझेल, गॅस, जाळी असताना पेटतं काहीही नको. बोटीवर आणि घरी मच्छरदाणी सगळ्यात चांगली. जाळी विणणाऱ्याला मच्छरदाणी शिवून घ्यायला किती वेळ लागतो? धक्क्यावर बोट लागलेली असताना रात्री झोपणाऱ्या खलाशांसाठी नाखवा मंडळींनी मच्छरदाण्या द्याव्यात.

सरकारकडून औषध लावलेली मच्छरदाणी मिळाली तर ती नदीत, तळ्यात धुऊ नका. त्यातलं औषध माशांना फार विषारी आहे. बादलीत धुवा आणि पाणी जमिनीवर ओता. आणि ती मासे धरायला तर मुळीच वापरू नका.

ताप आला तर

इथे मंडळी सगळ्यात जास्त घाई करतात, म्हणून नीट वाचा.

ताप आला की आधी रक्त तपासा. सरकारी आरोग्य केंद्रात मलेरियाची तपासणी फुकट होते, बोटाच्या एका थेंबावर लवकर कळते. मेडिकलमधून दोन गोळ्या घेऊन बोटीवर चढायचं नाही.

मलेरियाचे आपल्याकडे मुख्य दोन प्रकार. फाल्सिपेरम जिवावर बेतू शकतो, मेंदूपर्यंत जातो. व्हायव्हॅक्सचे जंतू यकृतात लपून बसतात आणि काही आठवड्यांनी-महिन्यांनी ताप पुन्हा येतो. ते लपलेले जंतू मारायला प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस घ्याव्या लागतात. आपल्या लोकांचं गाडं इथेच अडतं. तीन दिवसांत ताप उतरतो, बोट निघते, गोळ्या घरी राहतात. मग पुढच्या महिन्यात समुद्रात पुन्हा थंडी वाजते. गोळ्या सुरू असतील तर त्या तांडेलाकडे द्या, तो रोज जेवल्यावर देईल. ही गोळी गरोदर बाईला, तान्ह्या बाळाला देत नाहीत, आणि काही माणसांच्या रक्ताला ती चालत नाही. म्हणून एकाची गोळी दुसऱ्यानं घ्यायची नाही, डॉक्टरांनी दिली तरच. लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठा.

डेंग्यूचं उलट आहे. त्यात ताप उतरतो तेव्हा खरी भीती असते. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरला, पण पोटात खूप दुखतंय, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार, माणूस सुस्त, यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना. "ताप गेला, चल बोटीवर" ही चूक जीव घेते. डेंग्यूचा संशय असताना ॲस्पिरिन, ब्रुफेन, अंगदुखीची इंजेक्शनं घ्यायची नाहीत, रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉल, ओआरएस, भरपूर पाणी.

चिकुनगुनियानं माणूस सहसा मरत नाही, पण सांधे महिनोन्‌महिने धरून ठेवतो. २००६ साली त्याची साथ देशभर पसरली होती, गुजरातमध्येही खूप लोकांना झाला. ज्याचं पोट जाळं ओढण्यावर, त्याच्या मनगटाला दुखणं लागलं तर हंगाम गेलाच.

आजारी माणूस मच्छरदाणीतच झोपवा, दिवसाही. कारण डास जन्मतः जंतू घेऊन येत नाही. तो आजारी माणसाला चावतो, त्याच्या पोटात जंतू आठ-दहा दिवसांत तयार होतो, मग तो दुसऱ्याला देतो. रोग डासातून पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी आपल्याच देशात, सिकंदराबादला, २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू पाहून दाखवलं. म्हणून २० ऑगस्ट जागतिक डास दिवस मानतात. आजारी माणसाला डासापासून वाचवलं तर बाकी घर वाचतं.

खलाशी गावाकडून, जंगलपट्ट्यातून येतात. आल्यावर कोणाला ताप असेल तर लाजू नका, लपवू नका, आधी तपासणी. पगार कापेल या भीतीनं माणूस ताप लपवतो. नाखवांनी सांगून ठेवावं की तपासणीच्या दिवसाचा पैसा कापला जाणार नाही. एका माणसाचा एक दिवस हा सगळ्या बोटीच्या फेरीपेक्षा स्वस्त आहे.

समुद्रात कोणाची तब्येत बिघडली तर वायरलेसवर जवळच्या बोटींना सांगा आणि तटरक्षक दलाच्या १५५४ वर संपर्क करा. किनाऱ्यावर १०८.

सुरतनं आधी करून दाखवलंय

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली तेव्हा लाखो लोक शहर सोडून पळाले. प्लेग डासांचा रोग नाही, उंदरावरच्या पिसवांचा आहे. पण शहर किती घाण झालं होतं ते त्यानं उघडं पाडलं. १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी अधिकाऱ्यांना रोज कार्यालयातून बाहेर काढून गल्लीत उभं केलं. १९९६ मध्ये याच सुरतेला चंदीगडनंतर देशातलं दुसरं स्वच्छ शहर म्हटलं गेलं. फार जादू नव्हती, रोजचं काम रोज केलं एवढंच.

ऑगस्ट २००६ चा पूर आपल्याला आठवतोच. उकाईतून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि शहराचा बराचसा भाग पाण्यात गेला. पुरानंतरचं एक लक्षात ठेवा. जोराच्या पाण्यानं आधी अळ्या वाहून जातात, त्यामुळे पहिले काही दिवस डास कमी वाटतात. पाणी ओसरल्यावर जी डबकी, भांडी, भंगार मागे राहतं, त्यातून पुढच्या एक-दोन आठवड्यांत डास उसळतात. म्हणून पूर ओसरला की गाळाबरोबर पहिल्याच आठवड्यात भांडीकुंडीही पालथी करायची.

आणि श्रीलंका. आपल्यासारखाच पाऊस, आपल्यासारखाच किनारा, मासेमारी करणारे लोक. २०१२ नंतर तिथे स्थानिक मलेरियाचा रुग्ण सापडला नाही आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांना मलेरियामुक्त म्हणून प्रमाणपत्र दिलं. प्रत्येक तापाची तपासणी आणि प्रत्येक रुग्णाचा मागोवा, यातून ते झालं. आपल्या देशानं २०३० हे वर्ष ठरवलंय.

आपण काय ठरवायचं

सोसायटीकडून सगळ्यांना विनंती अशी :

१. दर रविवारी सकाळी कोरडा दिवस. घरातली पिंपं, हौद, कूलर, कुंड्यांच्या बशा, फ्रीजचा ट्रे रिकामे करून घासायचे. टाकीचं झाकण घट्ट आहे का ते पोरांना वर पाठवून बघायचं.

२. पाणी थोडाच वेळ येतं म्हणून साठवावं लागतं हे आम्हाला माहीत आहे. साठवा, पण झाकण नसेल तर जुनी साडी दुहेरी करून दोरीनं घट्ट बांधा.

३. त्याच रविवारी प्रत्येक बोटीचा एक माणूस बोटीवर जाईल. तळ, पेटी, टायर, ताडपत्री बघेल. ज्यांची बोट बंद पडून आहे, मालक गावाला आहे, त्यांच्या शेजारच्या बोटवाल्यानं बघावं. डास मालक बघून चावत नाही.

४. टायरला भोकं पाडायची असतील तर ड्रिल सोसायटीच्या कार्यालयात मिळेल, बंदी संपेपर्यंत.

५. पालिकेचे आरोग्य कर्मचारी टाकी-पिंप बघायला आले तर दार उघडा. अळ्या सापडल्या म्हणून भांडू नका. त्यांनी औषध टाकलं तर तेच पाणी लगेच ओतू नका, किती दिवस ठेवायचं ते विचारून घ्या.

६. हंगाम उघडण्याआधी ज्याला मागच्या पंधरा दिवसांत ताप आला असेल त्यानं रक्त तपासून मगच बोटीवर चढावं. तांडेलांनी हे बघावं.

७. शाळेतल्या मुलांना काचेच्या बाटलीत अळ्या दाखवा. मलेरियाच्या डासाची अळी पाण्याला समांतर आडवी पडते, बाकीच्या डोकं खाली करून लटकतात. एकदा पाहिलं की मुलं विसरत नाहीत, आणि मग घरात तीच मोठ्यांना टोकतात. बाटलीचं तोंड फडक्यानं बांधा आणि दोन दिवसांत ओतून टाका.

पालिका, आरोग्य खातं आपलं काम करतील, त्यांनी करावं म्हणून सोसायटी पाठपुरावा करेल. तुंबलेलं गटार, बुजलेलं नाळं कुठे आहे ते कार्यालयात लिहून द्या, जागा नीट सांगा, आम्ही अर्ज देतो. पण पिंप, टायर आणि बोटीचा तळ यांच्यासाठी अर्ज करायची गरज नाही.

या रविवारी सुरुवात करू. सकाळी आठ वाजता बोटी ठेवल्यात तिथे सगळ्यांनी जमा, येताना ब्रश आणि बादली घेऊन या.

– सचिव, आपली सहकारी सोसायटी